हान्स वेअरची हिरवी डिक्शनरी: अरबीत मधेच अडकलेल्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

विद्यापीठात अरबी घेतलीय, दोन वर्षं होऊन गेलीत आणि आता आपल्याला येतंय की नाही तेच कळंना झालंय, अशा लोकांसाठी हा रिव्ह्यू आहे. नुकतंच अलिफ-बे गिरवायला घेतलेल्यांनी वाचलं तर चालतंय, पण एवढ्यात खरेदी करू नका, का ते पुढं सांगतो.

वस्तू म्हणजे हान्स वेअर यांची अरबी-इंग्रजी डिक्शनरी, चौथी आवृत्ती, ती हिरव्या कव्हरची पेपरबॅक. मूळ जर्मन डिक्शनरी १९५२ ची, तिचं इंग्रजी रूप मिल्टन कोवन यांनी १९६१ मध्ये आणलं, वाढवलेली चौथी आवृत्ती १९७९ ची आणि आपण विद्यार्थी लोक जी घेतो ती पेपरबॅक १९९४ पासूनची. १३०१ पानं. आकार तसा लहान, सॅकमध्ये बसते, पण ती घालून केएमटीच्या बसमध्ये उभं राहून जायचं म्हणजे खांदा बोलतोय.

कोल्हापुरात अरबी शिकतोय म्हटलं की दोनच प्रश्न येतात, एक म्हणजे उर्दूच ना ती, आणि दुसरा दुबईला निघालास काय. दोन्हीला नाही म्हणून सांगायचं सोडून दिलंय मी. असो.

तर दुखणं कुठं आहे ते आधी बघू. पहिल्या वर्षी पुस्तकात प्रत्येक अक्षरावर जबर-जेर-पेश लावलेले असतात, म्हणजे अ, इ, उ कुठं म्हणायचं ते छापलेलंच असतंय, वाचत जायचं. संवाद पण कसले, माझं नाव अमुक, माझे वडील कारखान्यात आहेत, आज हवा छान आहे. मार्क पण बरे पडतात आणि आपल्याला वाटतंय आता काय, जमलंच. मग लेव्हल चढते, ज्याला युरोपवाले बी टू म्हणतात त्या आसपास, आणि सर एक दिवस डायरेक्ट पेपरातलं कात्रण हातात देतात. त्यावर एक खूण नाही. नुसती व्यंजनं. स्वर आपण घालायचे, आणि स्वर घालायला शब्द आधी माहीत पाहिजे, आणि शब्द शोधायला तो कुठल्या धातूतून आलाय ते कळलं पाहिजे, म्हणजे कुठनं सुरू करायचं तेच कळत नाही. व्याकरण सगळं झालेलं असतंय, काना आणि तिच्या बहिणी झाल्या, इन्ना आणि तिच्या बहिणी झाल्या (म्हणजे पुढच्या शब्दांचे शेवट बदलणारे शब्दगट), तीन ते दहाच्या आकड्यांचं उलटं लिंग पण पाठ झालं, तरी एक परिच्छेद वाचायला अख्खी संध्याकाळ जाते. या टप्प्यावर बरीच पोरं कोर्स सोडतात. आमच्या बॅचमध्येही गळती इथंच झाली.

ही डिक्शनरी नेमकी या टप्प्याची आहे. त्याच्या आधीची नाही, आणि माझ्या मते फार पुढची पण नाही.

कारण हिच्यात शब्द दिसतो तसा सापडत नाही. सगळं धातूनुसार लावलंय, मदरशातनं आलेली पोरं ज्याला माद्दा म्हणतात ते, बहुतेक वेळा तीन व्यंजनं. वाव-झे-नून हा धातू काढा, आपलं वजन जिथनं आलं तो. त्याच्याखाली एका जागी वज़्न आहे, मीज़ान म्हणजे तराजू आहे, तवाज़ुन म्हणजे समतोल, आणि मीज़ानिया म्हणजे बजेट. आता ‘मीज़ानिया’ हा शब्द पेपरात रोज येतो, आणि नवखा माणूस तो मीम अक्षरात शोधत बसतो, तिथं तो नाहीच. मीम हे पुढं जोडलेलं आहे आणि मूळचा वाव बदलून ई झालाय. हे ज्याला दिसलं त्याला शब्द सापडला. ज्याला नाही दिसलं त्याच्यासाठी ही १३०१ पानं म्हणजे बंद दुकान.

एक प्रसंग सांगतो म्हणजे कळेल. वर्गात मथळा आला, कुठल्याशा मंत्र्याबद्दल, पहिलाच शब्द ‘इस्तिकाला’. निम्म्या वर्गानं ‘इस्तिकलाल’ वाचलं, म्हणजे स्वातंत्र्य, आणि मंत्र्याला स्वातंत्र्य मिळाल्याची बातमी तयार केली. काहींनी काफ-वाव-लाम धरला, तो बोलण्याचा धातू, म्हणून मंत्र्यांचं निवेदन असेल म्हणाले. मागच्या बाकावरचा मिरजेचा पोरगा मदरशात शिकून आलेला, सर्फच्या गर्दानी, म्हणजे शब्दरूपांची कोष्टकं, त्याला झोपेत विचारल्या तरी येतात, तो म्हणाला मधलं अक्षर ये असणार, काफ-ये-लाम बघ. उघडलं तर खरंच, इस्तिकाला म्हणजे राजीनामा. आणि त्याच धातूखाली दोन ओळी वर ‘इकाला’ पण होता, म्हणजे पदावरून काढून टाकणं. आता राजीनामा दिला आणि काढून टाकलं यातला फरक कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको, पण अरबीत तो फरक एका ‘स्त’चा आहे आणि तो या डिक्शनरीत एकाखाली एक असल्यामुळं डोळ्याला दिसतो. फोनवर टाईप केलं असतं तर ‘राजीनामा’ एवढं उत्तर आलं असतं आणि आम्ही पुढच्या ओळीवर गेलो असतो, शेजारी कोण राहतंय ते कधी कळलंच नसतं.

आता भारतात शिकणाऱ्यांना एक अडचण हमखास येते, ती कुठल्याच परदेशी रिव्ह्यूत लिहिलेली नसते म्हणून जरा नीट सांगतो. आपल्याकडं क्रियापदाचे साचे बाब म्हणून शिकवतात, नावानं. तफईल, मुफाअला, इफआल, असं. आणि वेअरसाहेबांनी नावं कुठंच लिहिली नाहीत, नुसते रोमन आकडे टाकलेत. म्हणजे धातू सापडला तरी पुढं रोमन आठ म्हणजे कुठला बाब ते आठवत बसा. तर पुस्तक आलं की पहिल्या कोऱ्या पानावर पेननं लिहून टाका: दोन म्हणजे तफईल, तीन मुफाअला, चार इफआल, पाच तफअ्उल, सहा तफाउल, सात इन्फिआल, आठ इफ्तिआल, नऊ इफ्इलाल, दहा इस्तिफआल. एक म्हणजे साधं मूळ क्रियापद, त्याच्यापुढं बारीक अक्षरात ए, आय नाहीतर यू लिहिलेलं असतंय, ते वर्तमानकाळात मधला स्वर कुठला घ्यायचा त्याचं. हे बारीक अक्षर सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नाही आणि परीक्षेत नेमके त्याचेच मार्क असतात.

आठवा आकडा म्हणजे सगळ्यात डेंजर. इफ्तिआलमध्ये वाव आला की तो ‘त’मध्ये विरघळतो, त्यामुळं इत्तिसाल, म्हणजे संपर्क किंवा फोन कॉल, हा शब्द बघून कुणालाही वाटतंय की ‘ते’ अक्षरात असेल. तो असतो वाव-साद-लाममध्ये, पार शेवटाकडं. संयुक्त राष्ट्रांमधलं ‘मुत्तहिदा’ पण तसलंच, वाव-हे-दाल. एकदा ही गोम कळली की वावचा भाग सगळ्यात जास्त मळतो, माझ्या प्रतीत बघा, शेवटची पानं काळी पडलीत आणि मधली कोरी.

पण मला विचाराल तर या डिक्शनरीचे पैसे वसूल होतात ते अव्ययांसाठी. क्रियापद कुठल्या अव्ययासोबत आलं की काय अर्थ होतो ते प्रत्येक ठिकाणी फोडून दिलंय. रगिबा घ्या. ‘रगिबा फी’ म्हणजे एखादी गोष्ट हवीशी वाटणं, इच्छा असणं. ‘रगिबा अन’ म्हणजे तीच गोष्ट नकोशी होणं, तिच्याकडं पाठ फिरवणं. क्रियापद तेच, फक्त मागचं दोन अक्षरी शेपूट बदललं आणि वाक्य उलटं झालं. अनुवादाच्या पेपरात असली वाक्यं मुद्दाम घालतात आणि जी पोरं यादी करून शब्द पाठ करतात ती तिथंच आपटतात. इथं अव्यय अरबीतच छापलंय, आणि कर्म माणूस आहे की वस्तू हे सुद्धा ‘हे’ अक्षराच्या दोन आकारांनी दाखवलंय, एक माणसासाठी, एक वस्तूसाठी. समजायला थोडा वेळ लागतो, पण कळल्यावर इंग्रजी अर्थ न वाचताच अर्धं काम होतंय.

आता नावं ठेवतो.

टाईप लई बारीक आहे. चष्मा असेल तर चष्मा, नसेल तर लवकरच लागेल. संध्याकाळी लाईट गेल्यावर मोबाईलच्या टॉर्चवर वाचायचा विचार पण करू नका. उच्चार इंग्रजी लिपीत खाली-वर टिंबं, रेघा घालून दिलाय, तो बरोबर आहे पण आपल्या डोळ्याला सवय नाही, ‘ऐन’ अक्षरासाठी तर एक बारीक हुकासारखी खूण आहे, ती छपाईत हलकी आली की हमजा (तसल्याच खुणेचं दुसरं अक्षर) कुठला आणि ऐन कुठला ते कळत नाही.

दुसरं, वाक्यं नाहीत. शब्दप्रयोग आहेत भरपूर, पण पूर्ण वाक्यात वापरून दाखवलेलं फार कमी. एकामागं एक इंग्रजी अर्थ स्वल्पविराम, अर्धविराम टाकून रचलेत आणि त्यातला आपल्या वाक्याला कुठला लागू ते आपण ठरवायचं. त्यात ते इंग्रजी जुनं. कधी कधी अरबी शब्दासाठी डिक्शनरी उघडायची आणि त्यातल्या इंग्रजी शब्दासाठी दुसरी डिक्शनरी उघडायची अशी वेळ येते. इंग्रजी-मराठी शेजारी ठेवूनच बसा, लाजायचं काही कारण नाही.

तिसरं, वय. १९७९ नंतरचं जग हिला माहीत नाही. ‘जव्वाल’ बघा, आज अरबांच्या तोंडी तो मोबाईल आहे, इथं फक्त भटकणारा, फिरता असा अर्थ. ‘तग़रीदा’ बातम्यांत ट्वीटसाठी येतो, इथं त्या धातूखाली पाखरांची किलबिल. अर्थात अर्थ लावता येतो, पाखरापासून ट्वीटपर्यंत जायला काही रॉकेट सायन्स लागत नाही, पण परीक्षेच्या आदल्या रात्री तेवढी चैन नसते. बोलीभाषांची तर अपेक्षाच ठेवू नका, इजिप्तची सिरीयल किंवा लेबनॉनचा यूट्यूबर कळेल या आशेनं घेणार असाल तर घेऊ नका. हे लिखित भाषेचं पुस्तक आहे, त्वाहा हुसैन, तौफीक अल-हकीम या इजिप्तच्या लेखकांच्या काळातल्या गद्यातून शब्द वेचून केलेलं, त्यामुळं त्या पिढीच्या कथा-कादंबऱ्या वाचताना मात्र ही अशी चालते की बोलायची सोय नाही. आणि ज्यांना कुराण किंवा जुनी कविता वाचायचीय त्यांनी एकोणिसाव्या शतकातला एडवर्ड लेनचा कोश बघावा, तो वेगळा प्रांत.

एक गोष्ट मात्र रिव्ह्यूत लिहावी की नाही यावर विचार केला, पण लिहितो, कारण पुस्तक हातात घेतल्यावर ती डोक्यातनं जात नाही. ही डिक्शनरी तयार व्हायला लागली ती हिटलरच्या काळात. ‘माइन काम्फ’चा नीट अरबी अनुवाद करायला चांगला कोश पाहिजे म्हणून जर्मन सरकारला तिच्यात रस होता, आणि वेअर स्वतः नाझी पक्षाचे सभासद होते. आणि त्याच कामावर शब्दांच्या चिठ्ठ्या लिहायला एक ज्यू बाई होती, हेडविग क्लाइन. हाम्बुर्गमध्ये अरबी शिकलेली, ओमानच्या सुरुवातीच्या इस्लामी काळावर प्रबंध लिहिलेली, प्रबंध उत्तम ठरला पण ज्यू म्हणून डॉक्टरेट दिली नाही. १९३९ च्या ऑगस्टमध्ये ती जर्मनी सोडून जहाजात बसली, आणि जहाज कुठं निघालं होतं तर मुंबईला. व्हिसा झालेला, सगळं झालेलं. बेल्जियमपर्यंत पोचलं आणि युद्ध तोंडावर आलं म्हणून जहाजांना माघारी बोलावलं, ती परत हाम्बुर्गला. मग तिथल्या ओळखीच्या प्राध्यापकानं तिला या कोशाच्या कामावर लावलं, एका चिठ्ठीला १० फेनिग, म्हणजे जर्मन पैसे. जुलै १९४२ मध्ये तिला आउशविट्झला, नाझींच्या मृत्यूछावणीत, पाठवलं. युद्धानंतर, १९४७ मध्ये, विद्यापीठानं ती डॉक्टरेट देऊन टाकली. १९५२ च्या प्रस्तावनेत तिचे आभार आहेत, ‘डॉ. क्लाइन’ म्हणून, तिचं काय झालं ते नाही.

मला हे वाचल्यापासून राग आहे, सरळ सांगतो. आभार मानायला एक ओळ होती तर अजून एक ओळ काय जड होती. पण म्हणून पुस्तक वापरायचं नाही असं मला वाटत नाही, उलट त्यातल्या किती चिठ्ठ्या तिच्या हातच्या आहेत ते कुणी वेगळ्या काढून दाखवल्या तर मी ती पानं आधी वाचीन.

बरं, खरेदी. कोल्हापुरात महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत विचारलं, स्टॉकमध्ये कुठंच नाही, दोघातिघांनी मागवून देतो म्हणून सांगितलं पण कोणती आवृत्ती येईल ते त्यांनाच माहीत नव्हतं. मग ऑनलाईन. तिथं एका विक्रेत्यानं चौथीचा फोटो लावून तिसरी आवृत्ती पाठवली, ती पण झेरॉक्ससारखी छपाई, दोन ठिकाणी पानं उलटी बांधलेली. परत घेतली, पण घालवलेला वेळ गेला तो गेलाच. तेव्हा ऑर्डर करायच्या आधी आतल्या पानाचा फोटो मागवा आणि त्यावर ‘फोर्थ एडिशन’ आणि शेवटचा पानाचा आकडा बघा. मला चांगली प्रत सगळं धरून अडीच हजाराच्या आसपास पडली. कमी किमतीच्या रिप्रिंट मिळतात, वाचण्यापुरत्या चालतात, पण वर सांगितलं ते हुकासारखं ऐन त्यात दिसत नाही.

आणि बायंडिंग. पेपरबॅक गोंदावर आहे, शिवलेली नाही. दोन सेमिस्टर रोज उघडली की ‘साद’च्या आसपास पाठ फाटते. माझी फाटली तशी मी लक्ष्मीपुरीत एका बायंडरकडं घेऊन गेलो. मामांनी हातात घेऊन वजन बघितलं, म्हणाले, “वकिलाचं हाय?” म्हटलं नाही मामा, अरबी शब्दांचं. लगेच हात पुसले, खाली अंथरलेल्या रद्दीवरनं उचलून वरच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, “कुराण हाय काय? तसं असंल तर येगळं बांधतो, खाली ठेवत न्हाई.” नाही म्हटल्यावर पण ते टेबलावरच राहिलं. मग त्यांचाच सल्ला, की एवढं जाड एकात शिवलं तर उघडणार नाही, दोन भाग कर. कुठं तोडायचं ते मला विचारलं, मी ज्या अक्षराशी फाटलं होतं तिथंच तोडा म्हटलं. कापडी पुठ्ठा, दोन खंड, जाड दोऱ्यानं शिवलेले. आता करवीर नगर वाचन मंदिरात बसायचं असेल तर लागेल तेवढा एकच भाग नेतो. नवीन प्रत घेणाऱ्यांनी फाटायची वाट न बघता आधीच दोन भाग करून घ्या, खर्च एका सिनेमाच्या तिकिटाएवढा पण नाही.

ॲपचं विचारणार तुम्ही. हिची स्कॅन केलेली आवृत्ती फोनवर फिरते, धातू टाकला की पान उघडतं, बसमध्ये ठीक आहे. ‘अलमानी’ नावाची साईट पण वापरा, नवीन शब्द तिथं मिळतात, ट्वीट, मोबाईल, सगळं, आणि वाक्यं पण. माझी पद्धत अशी की पहिला प्रयत्न पुस्तकात, आणि नवीन काळातला शब्द वाटला तरच साईटवर. उलटं केलं तर पुस्तक कपाटात जातंय, हे वर्गातल्या तिघाचौघांचं बघितलंय.

घ्यायची की नाही ते ठरवायला एक छोटी टेस्ट देतो. मुस्तश्फा, इत्तिफाक, मुअ्तमर. म्हणजे दवाखाना, करार, परिषद. या तिघांचे धातू कागदावर काढा, बघायचं नाही कुठं. शीन-फे-ये, वाव-फे-काफ, हमजा-मीम-रे असं आलं तर आजच ऑर्डर टाका. दोन आले तरी टाका, तिसरा ती शिकवेल. एकही नाही आला तर अजून एक सेमिस्टर सर्फ करा आणि तेवढ्या पैशात घरच्यांना तांबडा-पांढरा खाऊ घाला, पुस्तक कुठं पळून जात नाही.